निळ्या पट्टीचा नियम

“उरलंसुरलं फेकू नकोस गं. फेकायची एकदा सवय लागली ना, की हात थांबत नाही. मग माणूस माणसंसुद्धा फेकतो.”

सासूबाई हे सांगायच्या तेव्हा बहुधा त्यांच्या हातात साबणाची चिपटी असायची. झिजून झिजून कागदासारखी झालेली ती चिपटी त्या नव्या वडीच्या पाठीवर ओल्या हाताने थापून बसवायच्या. सून कुरकुरायची, “अहो आई, जग चंद्रावर गेलं, तुम्ही साबण कसले चिकटवताय?”

“गेलं असेल. पण आंघोळ करूनच गेलं असेल ना?”

दोघींचं काही फार गूळपीठ होतं असं नाही. भांड्याला भांडं रोज लागायचं. सासूबाई गेल्या आणि घरात आवाज करायला नुसती भांडीच उरली, तेव्हा सुनेला कळलं की आपलं अर्धं बोलणं त्यांच्याशी भांडण्यातच खर्ची पडत होतं.

ही सून एका मोठ्या इस्पितळात हाडांच्या वॉर्डची इन्चार्ज होती. सगळे तिला इन्चार्जबाई म्हणत. वागणं देवभोळं, बोलणं मऊ, आवाज चढलेला कुणी कधी ऐकला नाही. स्ट्रेचर ढकलण्यात केस पांढरे झालेला वॉर्डातला मामा मात्र नव्या नर्सेसना बजावून ठेवायचा, “बाई रागावल्या की आणखी हळू बोलतात. ऐकायला कान पुढे करावा लागला, की समजायचं आणि पळायचं.”

सासूबाई मरायला म्हणून इस्पितळात आल्याच नव्हत्या. स्वयंपाकघरात पाय घसरला, मनगट मोडलं, एवढंच. प्लास्टर घालून संध्याकाळी घरी यायच्या. पण त्याच सुमाराला इस्पितळाच्या संचालकांनी, म्हणजे मोठ्या साहेबांनी, निळ्या पट्टीचा नियम काढला होता. साठीपुढचं माणूस पडून आलं की त्याच्या मनगटाला निळी पट्टी बांधायची. पट्टी बांधली की ते माणूस उपाशीपोटी एकेका खोलीतून पुढे सरकायचं. हृदय, छाती, पोट, डोकं, आणि शेवटी शिरेत रंग सोडून मोठा स्कॅन. दुखतंय कुठे, हे कुणी विचारायचं नाही. “एवढाली यंत्रं आणली ती काय शोभेला?” साहेब म्हणायचे.

मग काय! प्रत्येक खोली पट्टीकडे बघायची, तोंडाकडे कुणीच नाही. प्रत्येक खोली आपापलं रक्त काढायची, शेजारच्या खोलीने काढलेलं तिला चालायचं नाही. एका कात्रीसाठी अख्खं निर्जंतुक पुडकं फाडायचं, कात्री तेवढी घ्यायची आणि बाकीचं कोरं सामान लाल पिशवीत. संध्याकाळी त्या पिशव्या मामाला उचलवत नसत. “आजाऱ्यांपेक्षा कचराच गुटगुटीत आहे इथला,” तो म्हणायचा.

इन्चार्जबाई त्या दिवशी साहेबांच्या केबिनमध्ये गेली होती. “साहेब, नुसतं मनगट आहे. त्यांची किडनी आधीपासूनच अधू आहे, स्कॅनचा रंग त्यांना सोसायचा नाही. त्या स्वतः सगळ्यांना सांगतायत, कुणी ऐकत नाही.”

साहेबांनी मान वर केली नाही. “बाई, नियम सगळ्यांना सारखा. तुमच्या सासूबाईंसाठी वेगळा कायदा करू का?”

ती जिना उतरून खाली येईपर्यंत रंग शिरेत गेला होता. मग किडनी बसली, मग किडनीसाठी यंत्र लागलं, यंत्रापायी ताप आला आणि तापाने सासूबाईंना नेलं. इतक्या खोल्या फिरल्या, पण मोडलेलं मनगट शेवटपर्यंत कुणी बांधलं नाही. ते तसंच वाकडं घेऊन त्या गेल्या.

त्यानंतर रोज सकाळी हात जोडताना इन्चार्जबाई घरातल्यांसाठी मागायची, वॉर्डातल्यांसाठी मागायची, आणि उठण्याआधी क्षणभर थांबून मोठ्या साहेबांचं नाव घ्यायची. चांगल्यासाठी नव्हे. देवाला काय ते कळत असणार. त्याने एवढंच केलं, की तिला वाट बघायला शिकवलं.

आणि एक दिवस साहेब पडले.

पडले तेही कुठे, तर इस्पितळाच्याच पुढच्या जिन्यावर, नुकत्याच पुसलेल्या पायरीवर. आणि कुणासमोर, तर निळ्या पट्टीचा नियम आपल्याकडेही लावावा म्हणून दुसऱ्या गावाहून बघायला आलेल्या पाहुण्यांसमोर. ट्रस्टचे अध्यक्ष सोबत होतेच. घोटा बघता बघता लिंबाएवढा सुजला. साहेबांना उचलून हाडांच्या वॉर्डात आणलं.

“काही नाही, जरा मुरगळलाय. बर्फ लावा,” साहेब म्हणाले.

इन्चार्जबाई पुढे आली. “साहेब, वय?”

“तुम्हाला माहीत आहे की, बाई.”

“आजाऱ्याच्या तोंडून ऐकायचं, असं तुम्हीच ठरवलंय.”

केसांना काळं लावलं म्हणून वय थोडंच लपतं! साहेब ओठांतल्या ओठांत पुटपुटले.

“जरा मोठ्याने, साहेब.”

“एकसष्ट!”

तिने खिशातून निळी पट्टी काढली. साहेब हसल्यासारखं करून म्हणाले, “अहो, हे काय?” तेवढ्यात अध्यक्षांनीच टाळी वाजवली. “वा! बघा मंडळी, आमच्याकडे संचालकांनाही सूट नाही. आता सुरुवातीपासून शेवटपर्यंत बघूनच घ्या!” पाहुण्यांनी माना डोलावल्या. साहेबांचं तोंड कडू औषध गिळल्यासारखं झालं, पण बोलतात काय? आपलेच दात, आपलेच ओठ.

“हो हो,” ते म्हणाले, “नियम म्हणजे नियम.”

इन्चार्जबाईने पट्टी बांधली. सैल नाही, घट्ट नाही, कुठल्याही आजाऱ्याला बांधते तशीच.

मग साहेबांना मागून नाड्यांचा झगा चढवला. घड्याळ काढलं, चष्मा काढला, तोंडचं पाणी तोडलं. पहिल्या खोलीने रक्त काढलं. दुसऱ्या खोलीने काढलं. तिसऱ्या खोलीत साहेब म्हणाले, “अरे, आत्ताच तर काढलं!” तिथला माणूस पट्टीकडे बघत म्हणाला, “ते त्यांचं. हे आमचं.” पाहुणे कौतुकाने बघत होते. साहेबांना एका हाताने मागचा झगा धरून ठेवावा लागत होता आणि दुसऱ्या हातात सुई टोचलेली होती.

मामा स्ट्रेचर ढकलत इन्चार्जबाईच्या कानाशी आला. “बाई, माझं आयुष्य सार्थकी लागलं. पण मला सांगा, मी पाप तर करत नाही ना?”

“मामा, आपण नियम पाळतोय.” ती इतकं हळू बोलली, की मामाने कान पुढे केला. मग त्याने तिच्याकडे नीट पाहिलं आणि स्ट्रेचर पुढे ढकललं.

दुपार झाली. अध्यक्ष पाहुण्यांना जेवायला घेऊन गेले. मोठ्या स्कॅनच्या खोलीबाहेर, भिंतीला लागून असलेल्या रांगेत, साहेबांचं स्ट्रेचर उभं राहिलं. त्यांच्या मागे चाकाच्या खुर्चीत एक आजी होत्या. हात रुमालात अडकवलेला, ओठ सुकलेले, मनगटाला निळी पट्टी.

साहेबांनी मान वळवून इन्चार्जबाईला जवळ बोलावलं. सकाळचा रुबाब घामाबरोबर वाहून गेला होता. “बाई, झालं तेवढं पुरे झालं. आत सांगा, रंग सोडायचा नाही म्हणून. माझी किडनी नाजूक आहे हो. माझ्या डॉक्टरने बजावून ठेवलंय.”

तिने त्यांच्या मनगटावरची पट्टी सरळ केली.

“मघाशी आतल्या बाईंना मी सांगितलं. त्या म्हणाल्या, पट्टी आहे ना, मग झालं. माझं कुणी ऐकतच नाही!”

“सासूबाईंचंही नव्हतं ऐकलं.”

“कोण सासूबाई?”

एवढे दिवस तिने ज्या क्षणाची वाट पाहिली होती तो समोर आला आणि त्यात हे नव्हतं. साहेब घाबरतील, रडतील, पाया पडतील, हे सगळं तिने मनात रंगवलं होतं. पण त्यांना आठवणारच नाही, हे तिच्या ध्यानीमनी नव्हतं. तिने सांगितलं. मोडलेलं मनगट, केबिन, वेगळा कायदा, जिना. साहेबांनी ऐकलं आणि कपाळाला आठ्या घातल्या.

“वाईट झालं. पण बाई, एवढ्या मोठ्या कारभारात एखाददुसरं होणारच. त्याला इलाज नाही.”

आत जाऊन एक वाक्य बोलायचं होतं, किंवा बोलायचं नव्हतं. गप्प बसायला कष्ट पडत नाहीत. सगळं आपोआप झालं असतं. दार उघडलं असतं, कुणीतरी पट्टी बघितली असती, रंग शिरेत गेला असता, आणि उद्या कुणी विचारलं असतं तर तिने मान खाली घालून सांगितलं असतं, इलाज नव्हता.

आतून हाक आली. “पुढचा निळा!”

मामाने स्ट्रेचरला हात घातला आणि तिच्याकडे पाहिलं. तिने हात वर केला.

“थांबा मामा.” मग ती साहेबांवर वाकली. “मी आत सांगेन. पण नुसतं तुमच्यापुरतं सांगणार नाही. पाहुणे जेवून येतायत. त्यांच्यासमोर तुमच्या तोंडून यायला हवं, की मला हे नको, याची गरज नाही. मोठ्याने.”

“शक्य नाही! अध्यक्ष काय म्हणतील? पाहुण्यांशी सगळा करार आज व्हायचाय.”

“मग मामा, घ्या आत.”

स्ट्रेचरचं पुढचं चाक उंबऱ्यावर चढलं. आत सुईचं पुडकं फाडल्याचा आवाज झाला. ती गंमत करत नव्हती, हे साहेबांना त्या आवाजाने कळलं. तिलाही त्याच वेळी कळलं. तिने स्ट्रेचर थांबवलं नसतं.

पाहुणे कोपऱ्यावरून हसत बोलत वळले आणि साहेब ओरडले, “नको! मला हा स्कॅन नको! काही गरज नाही याची! नुसता पाय मुरगळलाय हो माझा!”

अध्यक्षांचा चेहरा पडला. पाहुण्यांतल्या एका चष्मेवाल्या बाईंनी विचारलं, “म्हणजे, पेशंटने नको म्हटलं तर चालतं?”

साहेबांनी इन्चार्जबाईकडे पाहिलं. तिने नजर हलवली नाही.

“चालतं,” साहेब म्हणाले.

“मग इतर इतके लोक आत गेले, ते कशासाठी?”

साहेबांनी अध्यक्षांकडे पाहिलं. अध्यक्ष घाईघाईने म्हणाले, “चला, आपण ऑफिसात बसून बोलू.” पण चष्मेवाल्या बाई जागच्या हलल्या नाहीत. त्या वाकून आजींच्या रुमालातल्या हाताकडे बघत राहिल्या. बाकीचे पाहुणेही तिथेच घुटमळले. करार आज व्हायचा नाही, हे सांगायला कुणी ज्योतिषी लागत नव्हता.

इन्चार्जबाईने आत जाऊन सांगितलं, “यांना रंग नाही. स्कॅनही नाही.” आणि बाहेर आली. साहेबांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. ते बघून आपल्याला गार वाटेल असं तिला वाटलं होतं. थोडं वाटलंही, खोटं कशाला बोला! पण पोट भरलं नाही. कुणाला तरी रडवलं म्हणून गेलेलं माणूस जेवायला परत येत नाही.

तेवढ्यात तिचा पदर कुणीतरी ओढला. आजी होत्या.

“बाई, ते साहेब नको म्हणाले ते चाललं ना? मग मलाही नको. माझा नुसता हात मोडलाय. सकाळपासून सांगतेय.”

“ऐकलं मी, आजी.”

“आधी कुणीतरी हात बांधा माझा. फार दुखतोय गं.”

“आधी हात,” ती म्हणाली. “दुसरं काही नाही. शब्द देते.”

मामा गोंधळून उभा होता. “बाई, साहेबांचं काय करू? बर्फ?”

“लावा ना. रांगेने. त्यांच्या आधी हाडांचे बरेच जण बसलेत.”

“आणि मघाशी काढलेली ती सगळी बाटल्याबाटल्यांतली रक्तं?”

“ती अध्यक्षांना दाखवा. त्यांना सुरुवातीपासून शेवटपर्यंत बघायचं होतं.”

तिने आजींचे पाय खुर्चीच्या पायरीवर नीट ठेवले, घोटभर पाणी पाजलं, आणि खुर्ची उलटी फिरवली. रांगेतले सगळे तिच्याकडे बघत होते. ती कुणाकडे बघत नव्हती. मागून साहेब काहीतरी म्हणत होते, ते ऐकायला ती थांबली नाही. प्लास्टरची खोली इस्पितळाच्या पार दुसऱ्या टोकाला होती. फरशीच्या प्रत्येक खाचेशी वेग कमी करत, मोडक्या हाताला धक्का बसू नये अशा बेताने, ती खुर्ची ढकलत निघाली.