बन्सलांच्या रक्तातली खोट

पाहुणे यायच्या दिवशी अम्मा, म्हणजे माझ्या सासूबाई, म्हणाल्या, "बहू, वेदूला घेऊन माडीवर बस. तो हसायला लागला तर तोंडावर हात ठेव."

वेदू माझा मुलगा, सहा वर्षांचा. तान्हा असतानाच त्याचं डोकं मोठं दिसायला लागलं, तेव्हा बाबूजी, माझे सासरे, खुर्ज्यातल्या आमच्या गल्लीत सांगत फिरायचे, "मोठं डोकं आहे, मोठा शेठ होणार." चालायला लागला तो उशिरा, तेही झोकांड्या खात. मग पलंगावरून पडला, लागलंही फारसं नाही, पण झटके सुरू झाले. आता चालत नाही.

दिल्लीच्या डॉक्टरीणबाईंनी मला आणि नवनीतला, माझ्या नवऱ्याला, समजावलं होतं. मेंदूत चांदणीसारख्या पेशी असतात. त्यांच्यातलं एक प्रथिन पाण्याची ने-आण सांभाळतं. वेदूचं ते प्रथिनच बिघडलेलं, म्हणून मेंदूचा पांढरा भाग पाण्याने फुगून राहतो. "आई आणि बाप, दोघांकडून दोष आला तरच मूल आजारी पडतं," त्या म्हणाल्या. "तुम्हा अग्रवालांत हा दोष जास्त सापडतो. घरातल्या लग्नाच्या मुलांचं रक्त तपासून घ्या."

घरी येऊन आम्ही सांगितलं, ते बाबूजींनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "घरात पोरगी लग्नाची आहे. हे पुन्हा तोंडातून काढायचं नाही."

ती पोरगी म्हणजे माझी नणंद रुचिका. तिला बघायला त्या दिवशी आमच्यातल्याच बन्सलांचा तुषार आला होता. खालून तळलेल्या कचोऱ्यांचा वास येत होता. बाबूजी मोठ्याने सांगत होते, "नातू ना? आजोळी गेलाय." मी वेदूची लाळ पुसत होते. मला किळस आली, पण लाळेची नाही.

रुचिकाने मात्र तुषारला फोन करून सगळं सांगितलं. पोरगा समजूतदार निघाला. दोघांनी रक्त तपासलं. रुचिकात दोष नव्हता, तुषारमध्ये होता. एकातच असल्यामुळे मुलांना धोका नाही, खुशाल लग्न करा, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

रुचिकाने जेवताना हे सांगितलं. बाबूजींनी बोटं चाटली. "म्हणजे बन्सलांच्या रक्तात खोट आहे. अशा घरात मुलगी द्यायची नाही."

"बाबूजी, तीच खोट तुमच्या नवनीतमध्ये आहे," मी म्हटलं. "तुमच्याकडून तरी आली, नाहीतर अम्मांकडून."

"आपलं घरातल्या घरात आहे, बहू. भात वाढ."

नवनीत मान खाली घालून डाळ ओरपत होता. मी माझं ताट उचलून मोरीपाशी गेले.

आठवडा उलटायच्या आत समाजाच्या धर्मशाळेत बाबूजींनी चारचौघांत तुषारचा दोष सांगून टाकला, वर "आम्ही थोडक्यात वाचलो" म्हणून पेढे वाटले. त्याच्या धाकट्या बहिणीचं ठरत आलेलं लग्न त्यात मोडलं.

रुचिका आणि तुषारने कोर्टात लग्न केलं. घरातून मी एकटी गेले, वेदूला कडेवर घेऊन. तो मोठमोठ्याने हसत होता. रुचिका म्हणाली, "हसू दे गं भाभी."

बाबूजींचं ताट मी अजूनही वाढते. समोर बसून जेवत नाही.