पदरचे दोन तास

मित्रांनो, मी एक जुना काचेचा गोळा आहे. मोठ्या संत्र्याएवढा, भरीव आणि गुळगुळीत. हवामान कार्यालयाच्या गच्चीवर बसून मी ऊन मोजतो. माझ्यामागच्या पितळी खाचेत रोज कागदाची एक पट्टी लावतात. सूर्य सरकतो तसा माझ्यातून गेलेला प्रकाश त्या पट्टीवर काळी रेघ जाळत जातो. ढग आला की रेघ तुटते. संध्याकाळी रेघ मोजायची आणि किती तास ऊन पडलं ते वहीत लिहायचं, एवढंच काम.

मला घडवणाऱ्या कारागिराने मला तीन आठवडे घासलं. शेवटी त्याने माझ्यातून खिडकीकडे पाहिलं, त्याला सगळा रस्ता उलटा दिसला आणि तो खुदकन हसला. माझं पहिलं कौतुक ते.

दुसरं कौतुक केलं आमच्या निरीक्षकांनी. त्यांची भाची शाळा सुटली की गच्चीवर येऊन ‘मामा’ अशी हाक मारायची, म्हणून सारं कार्यालय त्यांना मामाच म्हणू लागलं. मामा काटेकोर म्हणजे किती? वहीत एक आकडा रेघेबाहेर गेला तरी त्यांना जेवण गोड लागत नसे. रोज सकाळी मऊ फडक्याने मला पुसत आणि म्हणत, “राजे, आज किती ऊन?”

आमच्यापासून दोन दिवसांच्या वाऱ्यावर एक वाळवंट आहे. तिथली धूळ पिठाहून बारीक. ती वाऱ्यावर चढते, इथवर येते आणि खाली न पडता दिवसचे दिवस आकाशात लटकून राहते. पूर्वी वर्षाकाठी एखाद्या वेळी यायची. पुढे पुढे तिचं येणं-जाणं वाढलं. अशा दिवशी आकाश ताकासारखं पांढुरकं होई, सकाळचं कोवळं ऊन माझ्यापर्यंत पोहोचेपर्यंत अर्धमेलं होई, आणि पट्टीवर काही उमटत नसे. संध्याकाळीही तेच. दिवसाचे दोन तास हमखास गळायचे.

मामांनी मला पुसलं, पुन्हा पुसलं. रेघ तेवढीच. आकाशात ढग तर नाही, धुळीआडून सूर्यही दिसतोय, हे ते स्वतःच्या डोळ्यांनी पाहत होते; म्हणजे मंद ऊन टिपणं आता मलाच जमत नसावं, असं त्यांना वाटलं. मग एका संध्याकाळी माझ्यावर हात ठेवून ते हळूच म्हणाले, “डोळे अधू झाले रे तुझे.”

यंत्र कमी दाखवू लागलं की ते मोडीत काढायचं, असा मुख्य कार्यालयाचा नियम होता. मामांचा जीव कासावीस झाला. “तुला मोडीत काढू देतो की काय!” असं म्हणून त्या काटेकोर माणसाने नवाच्या जागी अकरा लिहिले. दोन तास पदरचे घातले. पुढे तीस वर्षं, धूळ आली की ते असंच करत राहिले.

मला बोलता येत नाही, ही सबब मी स्वतःला देत आलो. पण खरं सांगू? ते मला जपतात याचं मला सुख वाटत होतं.

मामा निवृत्त झाले. भाची शिकून मोठी झाली, धुळीचा अभ्यास करू लागली आणि एक दिवस त्याच गच्चीवर आली. सोबत काठी टेकत मामा. ती त्यांना समजावत होती, “धूळ ऊन अडवते, मामा. खाली जमीन तापत नाही, आणि वरची हवा मात्र धुळीमुळेच तापते. मग खालची हवा वर चढत नाही, ढग धरत नाहीत, पाऊस लांबतो. किती लांबतो, हे मला आपल्या खोऱ्यातल्या शेतकऱ्यांना आधी सांगता यायला हवं. त्यासाठी तुमच्या वह्या हव्यात.”

तिने वह्या उघडल्या. पानामागून पान लख्ख ऊन. धूळ कुठेच नाही.

“गोळा म्हातारा झाला होता गं,” मामा म्हणाले. “मी सुधारून लिहायचो.”

दुसऱ्या दिवशी भाचीने नवा कोरा गोळा आणून माझ्याशेजारी ठेवला. आकाश त्या दिवशी धुळीने पांढुरकं होतं. संध्याकाळी मामांनी दोन्ही पट्ट्या एकमेकींवर ठेवून पाहिल्या. दोन्ही रेघा तंतोतंत सारख्या, सारख्याच तोकड्या होत्या. मामांनी माझ्यावर हात ठेवला.

“म्हणजे याचे डोळे शाबूत होते.”

“हो, मामा. जुन्या पट्ट्या आहेत का कुठे?”

“वर्ष झालं की जाळायचो. तसाच नियम होता.”

“मग तास कोणत्या दिवशी वाढवलेत, ते आठवतं?”

“धूळ असेल त्या दिवशी.”

“धूळ कधी होती, तेच तर शोधतेय मी,” ती म्हणाली.

ती रागावली नाही. रागावली असती तर मामांना बरं वाटलं असतं. “आजपासून खरं लिहू,” एवढंच म्हणाली. पुन्हा तीस वर्षं जमवायची, म्हणजे तोवर ती स्वतः मामांएवढी होणार. आणि खोऱ्यातली माणसं तोवर आभाळाकडे बघत बसणार.

आता धूळ आली की मामा भाचीची वही लिहायला गच्चीवर येतात. काल पट्टीवर सातच तासांची रेघ होती. त्यांचा हात वहीवर थबकला, आणि त्यांनी सातच लिहिले.

मित्रांनो, आम्हा जुन्या वस्तूंना पुसा, जपा. पण आमच्यावर माया करता करता आमचं म्हणणं खोडू नका. ते पटलं नाही तरी जसंच्या तसं लिहून ठेवा. मामांच्या त्या वह्या अजून कपाटात आहेत. अक्षर मोत्यासारखं आहे. त्यातलं पुष्कळसं ऊन मात्र कधी पडलंच नव्हतं.