नारिंगी बाटल्या

सभागृहात शंभरेक माणसं होती आणि बहुतेकांच्या हातात काचेची बाटली. बाटलीत लघवी. एरवी जिचं नाव काढायला माणसं लाजतात, ती आज खिडकीच्या उजेडात धरून एकमेकांना दाखवली जात होती, कारण ती नारिंगी झाली होती.

"बघा, विष कसं निघतंय," मंचावरून पुड्या वाटणारे बुवा म्हणाले. "डॉक्टर नळी घालून आत बघतात, त्यांना काही दिसत नाही. माझी पुडी आत जाते आणि विषाला म्हणते, चला पाहुणे, उठा आता, फार मुक्काम झाला."

लोक हसले. मागच्या भिंतीशी उभा असलेला म्हातारा रंगारी हसला नाही. त्याची बायको तिसऱ्या रांगेत होती. नऊ वर्षं तिचं मूत्राशय दुखत होतं; जरा भरलं की आत निखारा ठेवल्यासारखं. दिवसातून चाळीस खेपा. शिवणकाम सुटलं होतं. पुडी सुरू झाल्यापासून मात्र ती दोन-दोन तास मशीनवर बसत होती. "अहो, उतार पडलाय मला," ती म्हणाली, तेव्हा त्याला बरं वाटलं होतं. शरीरातलं आपल्याला काय कळतंय, म्हणून पुडीत काय आहे ते त्याने विचारलं नव्हतं.

पण तिच्या परकरावर पडलेला नारिंगी डाग निघेना. साबण झाला, ऊन झालं. चाळीस वर्षं कापड रंगवलेल्या माणसाला एवढं कळत होतं: अंगातला डाग धुतल्यावर सैल पडतो, हा सुताला धरून बसला होता. हा रंग होता. मग एके सकाळी त्याने कुणाला न सांगता एक पुडी स्वतःच घेतली. दुपारी त्याचीही लघवी नारिंगी.

पुडी घेऊन तो डॉक्टरीणबाईंकडे गेला.

"काका, जळजळ बधिर करणारी जुनी गोळी कुटलेली दिसतेय. रंग तिचाच. दोन दिवस ठीक. फार दिवस घेतली तर यकृत, मूत्रपिंड बिघडतं."

"मग तिचं दुखणं कशाचं?"

"मूत्राशयाला आतून अस्तर असतं. त्याच्या पेशींना बारीक दारं असतात, पोटॅशियमची ये-जा सांभाळणारी. लघवीत पोटॅशियम भरपूर. अस्तर विरलं की ते पोटॅशियम झिरपून नसांना भिडतं, असा एक अंदाज आहे."

"औषध?"

"थोडा उतार देता येईल, कदाचित. बरं करीन असं नाही म्हणता येत."

म्हणून आज त्याने स्वतःची बाटली आणली होती. त्याने ती वर धरली. "बुवा, ही माझी. मला काहीच दुखत नाही. मग माझ्यातून कुठलं विष निघालं?"

बुवा म्हणाले, "तुमचं दुखायच्या आधीच निघालं, आजोबा. नशीबवान आहात."

लोकांनी माना डोलावल्या. फक्त बायकोने आपली बाटली खाली केली.

बाहेर पायरीवर ती म्हणाली, "म्हणजे मला बरं वाटलं ते खोटं?"

"बरं वाटलं ते खरं. विष निघालं ते खोटं. ही पुडी आता नको."

"आणि दुखलं की?"

"डॉक्टरीणबाईंकडे जाऊ. थोडा उतार देतील, कदाचित."

 ज्याच्याकडे प्रत्येक उत्तर तयार असतं, त्याला निदान दोन प्रश्न विचारावेत: पुडीत काय आहे, आणि धडधाकट माणसाने घेतली तर काय होतं? दुखणाऱ्या माणसाला हे विचारायचं त्राण नसतं. ते शेजारच्याने विचारायचं.

"थांबा हं," ती म्हणाली आणि पोट धरून संडास शोधत आत गेली. तो दोन्ही बाटल्या हातात घेऊन उभा राहिला. दोन्हींचा रंग अगदी एक होता.