उताराचे ओझे

मी एक जुनी सॅक आहे, मित्रांनो. पण शाळेच्या दप्तराशी माझे नाते जोडू नका. दप्तर पुस्तके वाहते. मी मांस वाहिले आहे, सरपण वाहिले आहे आणि एकदा पाय मोडलेला एक कुत्राही वाहिला आहे. तो वाटभर माझाच पट्टा चावत होता.

माझा सांगाडा अ‍ॅल्युमिनियमच्या नळ्यांचा. एका लहानशा कारखान्यात शिवणयंत्रावर बसलेल्या बाईने माझे खांद्याचे पट्टे शिवले. दोनदा शिवले तरी पुरे, असे मालक म्हणत होता. तिने तीनदा शिवले. तिचे नाव मला ठाऊक नाही, पण चाळीस वर्षे झाली, पट्टे अजून शाबूत आहेत.

मला ऑर्विलने घेतले. कोलोराडोच्या डोंगरांत, गनिसनजवळ, हिवाळ्यात तो रस्त्यावरचे बर्फ काढणारी गाडी चालवायचा आणि ऑक्टोबर आला की एल्कच्या शिकारीला निघायचा. एल्क म्हणजे घोड्याएवढे हरीण. वाटाड्या नाही, भाड्याचे घोडे नाहीत. नकाशा, बंदूक, दोन पाय आणि मी. एल्क पडला की त्याचे मांस कापडी पिशव्यांत बांधून चार-पाच खेपांत खाली गाडीपर्यंत आणायचे. त्यावर घरचा हिवाळा निघायचा. "या सॅकनं माझ्या घराला जेवू घातलंय," असे तो पाहुण्यांना सांगायचा, तेव्हा मी खुंटीवर फुगून बसत असे.

मग एका वर्षी माझी डावी नळी वाकली आणि ऑर्विलचा गुडघा गेला. सॅक गाडीच्या चाकाखाली आली आणि आपण अंगणात घसरलो, असे त्याने घरी सांगितले. झाकली मूठ सव्वा लाखाची. खरे काय ते मला ठाऊक होते, पण सॅकला कोण विचारतो? माणसे म्हणतात, मोडेन पण वाकणार नाही. मी वाकले, म्हणून मोडले नाही.

त्यानंतर तेवीस वर्षे मी गॅरेजमध्ये लटकले. उंदरांनी माझ्या खिशात संसार थाटला. कोणीतरी माझ्यावर जुने पडदे टाकले. फार वाईट वाटायचे, खोटे कशाला सांगू?

यंदा जूनमध्ये पडदे दूर झाले. समोर ऑर्विलची मुलगी डार्ला उभी होती. शाळेची बस चालवते, चव्वेचाळीस वर्षांची आहे. शिकारीच्या परवान्यासाठी ती दरवर्षी सोडतीत नाव घालायची; यंदा, नवव्या खेपेला, ते लागले होते आणि तिला एकटीने जायचे होते.

"नवी घे ना," ऑर्विल काठी टेकत म्हणाला. "ही वाकलीये."

"वाकली तर वाकली. तूही वाकलायस, डॅड. तुला टाकलं का मी?"

"टोमणे मारायला अगदी आईवर गेलीस!"

दुसऱ्या दिवसापासून तयारी सुरू झाली. माझ्यात पाण्याचे कॅन भरायचे आणि घरामागची टेकडी चढायची. जुलैत पंधरा किलो, ऑगस्टअखेर तीस. ऑर्विलने एकच ताकीद दिली होती. "वर पोचलीस की पाणी ओतून टाक. रिकाम्या पाठीनं उतर. गुडघा एकदा गेला की गेला."

ती तसेच करायची. त्या उन्हाळ्यात टेकडीवरची झुडपे चांगली गुबगुबीत झाली. डार्ला शीळ घालत खाली यायची आणि माझा जीव टांगणीला लागायचा. कारण, मित्रांनो, शिकारीत सगळे उलटे असते. जाताना पाठ हलकी असते. खरे ओझे पाठीवर बसते ते उतरताना.

ऑर्विलला हे माहीत नव्हते असे नाही. त्याच्याइतके कोणालाच माहीत नव्हते. पण ते सांगायचे तर झाकलेली मूठ उघडावी लागणार. लेकीचे गुडघे वाचवायच्या नादात तो लेकीलाच धोक्यात घालत होता.

एके दिवशी तिने स्वयंपाकघरातल्या टेबलावर नकाशा पसरला आणि रस्त्यापासून सात किलोमीटरवरच्या एका कुरणावर खूण केली.

"लांब आहे," ऑर्विल पुटपुटला.

"तीस किलो घेऊन टेकडी चढते मी. बघतोस ना रोज?"

तो काठी टेकत बाहेर निघून गेला. मला त्याचा असा राग आला की काय सांगू!

सप्टेंबरमध्ये डार्लाने मला धुवायला काढले. डाव्या नळीवरून बोट फिरवता फिरवता ती थांबली.

"डॅड, चाकाखाली आली असती तर ही नळी चपटी झाली असती. ही नुसती वाकलीये. आणि हे ओरखडे दगडांचे आहेत. खरं सांग."

ऑर्विलची कॉफी निवून गेली, तेव्हा कुठे तो बोलला. "दोन खेपांचं ओझं मी एकाच खेपेत घेतलं. वर हसत गेलो होतो. उतारावर गुडघा मुरगळला आणि दगडांवरून घरंगळलो. ही पाठीशी होती म्हणून कणा वाचला."

"आणि मांस?"

"अर्धं वरच राहिलं. परत जायला पाय कुठला? सडलं सगळं." त्याने कप दूर सारला. "एवढं मोठं जनावर मारलं आणि सडवलं. गुडघ्याचं काही नाही गं. त्याची लाज वाटते."

"आणि मला पाणी ओतायला लावलंस?"

"तुझे गुडघे..."

"माझे गुडघे मला तिथं लागणारेत, डॅड. इथं जपून काय करू?"

दुसऱ्या दिवशी तिने पाणी ओतले नाही. उतरताना ती तीनदा खाली बसली. तिचे पाय लटपटत होते, पट्ट्यांतून मला ते कळत होते. महिनाभर घाम गाळून उतारावर तिला जेमतेम वीस किलो झेपू लागले. वीस किलो म्हणजे सहा-सात खेपा. सात किलोमीटरवरून तेवढ्या खेपा होईपर्यंत मांस टिकणार नव्हते. तिने रस्त्यापासून दोन किलोमीटरवर पेन्सिलीने रेघ ओढली. रेघेपलीकडे बंदूक उचलायची नाही. ते कुरण पलीकडे राहिले.

"नऊ वर्षं थांबले होते मी," ती म्हणाली आणि तिचे डोळे भरले.  नकाशाचा कोपरा गुंडाळला जात होता, तो ऑर्विलने दाबून धरला.

शिकारीच्या चौथ्या दिवशी तो दिसला. मोठा नर एल्क, दुसऱ्याच एका लहानशा कुरणाच्या कडेला, बंदुकीच्या टप्प्यात. पण रेघेच्या पलीकडे. डार्लाने बंदूक खांद्याला लावली. मी तिच्या पाठीवर होते. तिचा श्वास अडलेला मला जाणवला. मग तिने बंदूक खाली घेतली आणि तो चरत चरत झाडीत गेला.

सुट्टी संपली. ऑर्विल घराच्या पायऱ्यांवर वाट पाहत बसला होता. त्याने मला तिच्या खांद्यांवरून उतरवले. शिकारीहून इतकी हलकी मी त्या घरी कधीच आले नव्हते.

"नाही मिळाला?"

"दिसला. रेघेच्या पलीकडे होता."

ऑर्विल काठी टेकत बाजूला सरला. "पायऱ्या चढून दाखव."

ती चढली.

"आता उतर."

ती उतरली. तो फक्त तिच्या गुडघ्यांकडे पाहत होता. मग त्याने बाहीने डोळे पुसले. "चल, जेवून घे. सूप निवतंय."

मित्रांनो, जुन्या वस्तू झटकत जा, त्यांना ऊन दाखवत जा, एवढे तर मी मागणारच. पण आणखी एक मागते. तुम्ही जिथे पडलात, ती जागा मागून येणाऱ्याला सांगा. लाज वाटली तरी सांगा. त्या घरात मला तोंड असते, तर मी तेवीस वर्षे गप्प बसले नसते. तुम्हाला तर तोंड आहे.