एक्केचाळिसावे पान

मित्रांनो, मी एक जुनी फाईल आहे. पुठ्ठ्याचे अंग आणि पोटात दोरीने ओवलेली त्रेपन्न पाने. ती पाने एका शिवणाऱ्या बाईंची आहेत. कारखान्यात बावीस वर्षे शिलाई मशीन चालवून त्यांच्या हातांतले बळ गेले, म्हणून त्यांनी सरकारकडे अपंगत्वाचा भत्ता मागितला होता.

कार्यालयात आधी माझे कौतुकच झाले. "काय झकास लावलीय हो फाईल!" असे साहेब म्हणाले, तेव्हा मी फुगलेच. पण तिथे एक रीत होती. कारकुनाने महत्त्वाच्या पानांना रंगीत चिठ्ठ्या लावायच्या आणि साहेबांनी तेवढीच पाने वाचायची. हाडांच्या डॉक्टरांचा अहवाल आला, तोवर चिठ्ठ्या लावून झाल्या होत्या. तो एक्केचाळिसाव्या जागी नुसताच ओवला गेला. 'उजव्या हाताने दहा मिनिटांहून अधिक काम अशक्य,' असे त्यात स्वच्छ लिहिले होते. साहेबांनी मात्र लिहिले, 'सर्व कागद पाहिले. अर्जदार कामास योग्य. अर्ज नामंजूर.' उंटावरून शेळ्या हाकणे ते हेच! मला संताप आला, पण फाईलला तोंड कुठे असते?

पुढे दोन वर्षे मी ओल आलेल्या कपाटात पडून राहिले. मग बाई कोर्टात गेल्या आणि मलाही बोलावणे आले.

"न्यायाधीशांना माझी बोटंच दाखवते ना," बाई आपल्या वकीलबाईंना म्हणाल्या.

"ताई, इथं नवीन काही दाखवता येत नाही. फायलीत आहे तेवढंच बघतात."

ते ऐकून माझी पाचावर धारण बसली. सगळी भिस्त माझ्यावर!

वकीलबाईंनी एक्केचाळिसावे पान पाहण्याची विनंती केली. न्यायाधीशांनी पाने उलटली आणि ते थबकले.

"चाळीसनंतर एकदम बेचाळीस आहे. एक्केचाळीस कुठंय?"

ओलीने चाळीस आणि एक्केचाळीस ही पाने एकमेकांना चिकटली होती! बाईंचा चेहरा पांढराफटक पडला. मी मनात ओरडत होते, 'आहे, इथेच आहे!' न्यायाधीशांनी कागद बोटांनी चाचपला. जरा जाड लागला. त्यांनी कोपऱ्यात नख घालून तो हळूहळू सोडवला. एक कोपरा टरकन फाटला, पण अक्षरे शाबूत राहिली.

"याचा आदेशात उल्लेख कुठंय?" त्यांनी विचारले.

सरकारी वकिलांनी आदेश उलटसुलट पाहिला. "नाही, सर."

भत्ता द्या, असे काही कोर्ट म्हणाले नाही. आदेश रद्द झाला आणि प्रत्येक पान वाचून नव्याने ठरवा, असे सांगून मला परत पाठवले गेले. पुन्हा तेच टेबल, तेच साहेब! बाई समोर बसल्या होत्या. माझा जीव टांगणीला लागला. साहेबांनी ते पान दोनदा वाचले.

"बाई, हे आधी का नाही सांगितलंत?"

"सांगितलं होतं, साहेब. तुमच्याच फायलीत होतं."

साहेबांची मान खाली गेली. त्यांनी भत्ता मंजूर केला. बाई तिथेच रडल्या. तीन वर्षे त्यांची मुलगीच त्यांना घास भरवत होती.

मित्रांनो, मला कोरड्या जागी ठेवा, एवढे मागतेच. पण कुणाला 'नाही' म्हणायची वेळ आली, तर आधी त्याचे प्रत्येक पान वाचा.