जुळणारा चिपसेट

शौकतने दोन्ही हार्ड डिस्कच्या वायरी नव्या मदरबोर्डात खोचल्या आणि बटण दाबलं. पंखा फिरला, स्क्रीन उजळली. डिस्क मात्र दोन वेगवेगळ्या दिसल्या.

सात वर्षांपूर्वी दिंडोरीच्या समर्थला हा कॉम्प्युटर त्यानेच द्वारका चौकातल्या या दुकानात जोडून दिला होता. समर्थ लग्नांचे व्हिडिओ करायचा. काम झपाट्याने व्हावं म्हणून शौकतने बोर्डाच्या चिपसेटमधली, म्हणजे डिस्क सांभाळणाऱ्या मुख्य चिपमधली, सोय वापरून दोन डिस्कची एक केली होती. प्रत्येक फाइल अर्धी इकडे, अर्धी तिकडे. समर्थ गेल्या वर्षी अपघातात गेला. आता बोर्डही जळाला, तेव्हा त्याची बायको योगिनी कॉम्प्युटर घेऊन आली. समर्थचा आवाज, लहानग्या मुलाशी, साईशी खेळतानाचे व्हिडिओ, सगळं त्यातच होतं. दुसरीकडे कुठे काही नव्हतं.

ही जोडी ओळखायला त्याच जातीचा चिपसेट लागतो, हे शौकत जाणून होता. तसा जुना बोर्ड मालेगावहून तीन दिवसांत येणार होता. पण इतक्या वर्षांचा सराव गप्प बसू देईना. नवा चिपसेटही त्याच कंपनीचा, ओळखेलच, असं तो धरून चालला. स्क्रीनवर प्रश्न आला: नवी जोडी बनवायची का? आधीचं सगळं पुसलं जाईल. असले इशारे त्याने हजारदा पाहिले होते. त्याने 'होय' केलं.

नवी जोडी बनली, पण रिकामी. मग घाबरून केलेल्या दुरुस्तीत उरलंसुरलंही गेलं.

मालेगावचा बोर्ड आला, तो अगदी हवा तसाच होता. डिस्क कोऱ्या होत्या.

शनिवारी योगिनी आली. शौकतने तिला पाणी दिलं आणि नजर टेबलावरच्या स्क्रूंवर ठेवली.

"डिस्कच गेल्या होत्या, ताई. तुम्ही आणल्या तेव्हाच."

पाणी तसंच राहिलं.

"त्या दिवशी कॉम्प्युटर अडकला होता. मी सरळ वायर ओढून बंद केला. त्यानेच झालं का, शौकतभाई?"

शौकतने एक स्क्रू उचलला, पुन्हा ठेवला.

"होतं असं कधी कधी."

योगिनीने मान हलवली. दोन्ही डिस्क ओढणीच्या टोकाने पुसून तिने पर्समध्ये ठेवल्या. खूप खटपट केलीत, म्हणाली.

"साई विचारेल आता. सांगेन त्याला, माझ्याच हातून गेलं म्हणून."

शौकत उठला आणि तिच्यासाठी काचेचं दार उघडून धरलं.