दारावरच्या फळ्या

त्या वर्षी घरात हिरवे, घाण वासाचे किडे एवढे शिरले, की शिझुनोला रोज सकाळी ते केरसुणीने गोळा करून सुपलीभर बाहेर फेकावे लागत. किडे जास्त तर बर्फ जास्त, हे त्या डोंगरातलं शेंबडं पोरही सांगतं. शिझुनो सुपली झटकायची आणि छपराकडे बघायची. छपरावर चढणारा माणूस आता नव्हता. तिचा नवरा तोराकिची मे महिन्यात भाताची रोपं लावता लावता चिखलात बसला, तो उठलाच नाही.

वाडी नऊ घरांची. बर्फ यायच्या आधी प्रत्येक घराला बाहेरून फळ्यांचा अंगरखा चढवायचा, ही तिथली रीत. खिडक्यांपुढे खांब उभे करायचे, खांबांच्या खाचांत देवदाराच्या फळ्या खालून वर एकेक सोडत जायच्या, वर वीतभर फट उजेडाला ठेवायची. नाहीतर छपरावरून घसरलेला बर्फ काचा फोडून थेट अंथरुणात येतो. हे एकट्यादुकट्याचं काम नव्हे. म्हणून एकेका घराचा एकेक दिवस ठरलेला, आणि त्या दिवशी दर घरातून एक माणूस. शेवटची फळी मात्र घरच्या धन्याने नाहीतर धनिणीने स्वतःच्या हाताने बसवायची. तेव्हा सगळ्यांनी हात जोडून अमिदा बुद्धाचं नाम घ्यायचं, आणि घरच्याने वाकून म्हणायचं, "तुमचे हात लागले, उपकार झाले."

फळ्या खिडक्यांना. दाराला कधी नाही. दारावर फळ्या चढतात त्या माणसं सोडून गेलेल्या घराच्या. तीन वर्षांपूर्वी योगोरोचं कुटुंब शहरात गेलं, तेव्हा त्याच्या दारावर चढल्या होत्या. आत चूल नाही, वर बर्फ काढणारं कोणी नाही. पहिली थंडी त्या घराने कशीबशी काढली. दुसऱ्या थंडीत, फेब्रुवारीतल्या एका दुपारी, थकलेला बैल गुडघे टेकतो तसं ते खाली बसलं. आवाज ऐकून सगळे बाहेर आले, जरा वेळ उभे राहिले, आणि आत गेले.

अडुसष्टाव्या वर्षी शिझुनो उरलेल्या सातही घरी गेली. फळ्या वाहिल्या, दोर धरला, पाचरी ठोकल्या. कोणी म्हणालं नाही, की काकू, तुम्ही नुसत्या बसा. आणि आठवा दिवस तिचा. सात दिवस तिच्या मनात एकच भीती होती. आपल्याकडे कोणी येईल का? शेजारच्या कामेयोच्या परसात बायकांचं बोलणं तिच्या कानावर आलं होतं, "थंडीत वाडीत राहणार तीन पुरुष. बाकीचे शहरात कामाला. त्या तिघांनी आपली छपरं साफ करायची की तिचं?" शिझुनोला पाहताच बायका धुवायला घेतलेल्या मुळ्यांकडे वळल्या होत्या.

आदल्या संध्याकाळी देवळात पंथाच्या मूळ गुरूंचं वर्षाचं स्मरण होतं. बाहेरगावचे बुवा आले होते, गाऊन प्रवचन करणारे. आवाज असा, की आधी छातीत शिरावा आणि मग कानात. त्यांनी आख्यान लावलं ते हिमवादळात वाट चुकलेल्या आंधळ्या म्हातारीचं. म्हातारी हाका मारते, कोणी ओ देत नाही. तेव्हा बुवांनी सूर वर चढवला. "ती येईल म्हणून तो करुणेचा सागर थांबतो काय? नाही! तोच निघतो, अनवाणी निघतो, आणि तिला पाठीवर घेतो!" साऱ्या देवळातून नामाचा गजर उठला. वाडीचा प्रमुख जिनपाची, दांडगा गडी, टॉवेल तोंडावर धरून हुंदके देत होता. शिझुनोही रडली. आपल्यासाठीच कोणी बोलतंय असं वाटलं, की माणूस रडतंच.

बाहेर पडताना जिनपाची तिच्याजवळ आला. डोळे अजून लाल होते.

"काकू, उद्या सगळे येतोय तुमच्याकडे. तुम्ही कसली म्हणून काळजी करायची नाही. सगळं आमच्यावर सोपवा."

असं कोणी म्हटलं की उलट काय म्हणायचं हे तिथे लहानपणापासून पाठ असतं. शिझुनो कमरेतून वाकली. "सोपवलं, दादा. तुमच्यावरच भार."

घरी येऊन तिने अळकुड्या सोलायला घेतल्या. सात माणसांना पुरतील एवढ्या मोजून सोलल्या.

सकाळी ती देवघरातला दिवा लावून ओसरीवर येते तोच माणसं दिसली. सात नव्हे, चौदा! दर घरातून दोघं. शिझुनोला काय करू नि काय नको असं झालं.

"अगं बाई, एवढ्या जणांना कालवण पुरायचं कसं?"

"पुरवा, काकू, पाणी घाला," तोकुझो ओरडला. हा वाडीतला विनोदी माणूस. "आमच्या बायकोच्या हातच्या कालवणात मासे पोहतात, तुमच्या कालवणात आज आम्ही पोहू!"

"तू पोहू नकोस, बुडशील," त्याची बायको म्हणाली, आणि सगळे हसले.

कामाला असा वेग तिने कधी पाहिला नव्हता. उत्तरेची बाजू चहा उकळेपर्यंत झाली. तोराकिचीने प्रत्येक फळीवर शाईने आकडा घातला होता. तोकुझो आकडे लिलावासारखे पुकारत होता. बर्फाच्या भाराने मोडू नयेत म्हणून पर्सिमनच्या झाडाच्या फांद्यासुद्धा कोणीतरी दोराने आवळून बांधल्या. शिझुनो चहा घेऊन फिरत होती, लोणचं वाढत होती, आणि मनातल्या मनात बुवांच्या पाया पडत होती. मेलं कसलं मन आपलं! या माणसांवर संशय घेतला.

कामेयो, तिची चाळीस वर्षांपासूनची शेजारीण, मदतीला आत आली होती. ती चुलीपाशी नव्हती. कपाटापाशी होती.

"वहिनी, तुमचे जाड मोजे कुठं असतात हो?"

"खालच्या खणात. का गं, गारठलीस?"

कामेयोने मोजे काढले, घडी केली आणि मांडीजवळच्या कशावर तरी ठेवले. शिझुनोने वाकून पाहिलं. चौकोनी कापड पसरलेलं, त्यात तिचे दोन जाड झगे, जपमाळ, औषधाची पुडी, तोराकिचीचा फोटो.

"हे काय आहे, कामेयो?"

"तुम्ही बसा ना जरा, वहिनी."

बाहेर हातगाडीची चाकं वाजली. शिझुनो दारात आली. गाडीवर फळ्या होत्या, काळपट, कोपरे फुटलेल्या. पहिल्या फळीवरची जुनी शाई तिला वाचता आली. योगोरो, दार, एक.

"दादा," ती म्हणाली, "या माझ्या नव्हेत."

"तुमच्याकडे दाराच्या फळ्या नाहीतच ना, काकू." जिनपाची आदबीने म्हणाला. "तोराकिचीदादाने केल्याच नाहीत. आम्ही माळ्यावर पाहिलं."

तोराकिचीने मुद्दामच केल्या नव्हत्या. म्हणायचा, ज्या घराला दाराच्या फळ्याच नाहीत, ते घर बंद कोण करणार? आणि गालात हसायचा.

"फुमिएशी फोनवर बोललोय मी," जिनपाची म्हणाला. फुमिए म्हणजे शिझुनोची लेक, नागाओका शहरात असते. "तिने तीन चटया मावतील एवढी खोली मोकळी केलीय. उद्यापासून बस वर येत नाही. आजची शेवटची साडेतीनला. काकू, तुम्हाला बर्फात एकटं टाकायचं, आमच्याच्यानं होईल का हो? काल ऐकलंत ना बुवांनी काय सांगितलं?"

"मी जायचं म्हणाले नाही."

"काल तुम्ही सोपवलंत."

तो खोटं बोलत नव्हता. तेरा माणसांनी ऐकलं होतं आणि तेरा माणसं मान हलवत होती.

"माझ्या छपराचं मी बघेन. मी स्वतः चढेन."

"चढाल, काकू, चढाल," तोकुझो म्हणाला. "उतरवायला मात्र आम्हाला चौघं लागतील, खांद्याला." आणि कोणी हसायच्या आत स्वतःच हसला. मग बाकीचेही हसले, कारण न हसणं त्याहून अवघड होतं.

शिझुनो कामेयोकडे वळली. "तू सांग यांना. तुझी बाळंतपणं मी काढली. तू सांग."

कामेयो गाठोड्याची गाठ घट्ट करत होती. "माझा नवरा साठीचा आहे, वहिनी," ती गाठीकडे बघत म्हणाली. "गेल्या थंडीत छपरावरून पडता पडता वाचला. मी काय सांगू?"

त्यात खोटं नव्हतं. शिझुनो उंबऱ्यावर बसली.

कोणी तिला हात लावला नाही. कोणी आवाज चढवला नाही. दोघांनी दारापुढे खांब उभे केले, पहिली फळी तिच्या पावलांपुढे खाचेत सोडली, मग दुसरी, मग तिसरी, गुडघ्यापर्यंत. मग ते थांबले. नम्रपणे, माना खाली घालून, टॉवेल मुठीत धरून सगळे थांबले. कोणाच्या तरी नाकातून पाणी वाहत होतं. थंडी होती की रडणं, कळत नव्हतं. शिझुनोला वाटलं, बसून राहावं. चौथी येईल, पाचवी येईल, मी आत बसून राहीन. मग बघू, चौदातला कोण सहावी लावतो.

"काकू," जिनपाची हळूच म्हणाला, "तुम्ही बाहेर आल्याशिवाय कोणाला जेवता येत नाही. पोरं सकाळपासून उपाशी आहेत."

आणि शिझुनो उठली. सत्तेचाळीस वर्षं या घरात आलेल्याला तिने उपाशी ठेवलं नव्हतं. तिने कामेयोचा खांदा धरला आणि तीन फळ्या ओलांडून बाहेर आली.

कालवण आधीच बाहेर काढून ठेवलं होतं. ती वाटीवाटीने वाढत गेली आणि तिच्या पाठीमागे फळ्या वाजत राहिल्या. "कालवण झकास झालंय, काकू," तोकुझो भरल्या तोंडाने म्हणाला, आणि ते त्याने मनापासून म्हटलं.

शेवटची फळी उरली. जिनपाचीने ती दोन्ही हातांत आडवी धरून तिच्यापुढे आणली आणि वाकला.

"घरच्यांचा हात."

"आत दिवा जळतोय," शिझुनो म्हणाली. "देवापुढचा. वर वीतभर फट ठेवा."

"आत कोणी नाही ना, काकू. उजेड कोणाला? तेल संपलं की दिवा आपला आपण विझेल."

तिने फळी घेतली. देवदार जुना होता, हलका झालेला. एका घराला पुरून उरलेली फळी. तिला ती तिथेच टाकून देता आली असती, पण हात सात दिवस हेच करत आले होते. तिने टोक खाचेत घातलं, दुसरं दाबलं, बसवलं. जराशी हलते असं वाटलं, म्हणून पाचर मागून घेतली आणि दोन घाव घातले. फळी सैल राहिली तर बर्फ आत जातो.

चौदा माणसांनी हात जोडले. अमिदाचं नाम उठलं, कालच्यापेक्षा गोड.

आणि मग सगळे थांबले, कारण अजून एक गोष्ट उरली होती, आणि ती झाल्याशिवाय तिथून कोणाला हलता येत नव्हतं. शिझुनोने त्या तोंडांकडे पाहिलं. तिच्या ओठांवर तेच शब्द येऊन बसले होते, जे सात घरी तिने सात जणांकडून ऐकले होते. ती कमरेतून वाकली.

"तुमचे हात लागले," ती म्हणाली. "उपकार झाले."

"तुमचेही लागले होते, काकू," जिनपाची डोळे पुसत म्हणाला. "आता फिटलं."

तोकुझोने गाठोडं उचललं आणि बसच्या वाटेने पुढे निघाला. शिझुनो त्याच्यामागे चालू लागली. वळणावर तिच्या बाहीवर बर्फाचा पहिला कण पडला. तिने तो झटकला नाही, मागे वळून मात्र पाहिलं. माणसं हातगाडी ढकलत आपापल्या घरी चालली होती. तिच्या, आठव्या घराच्या छपरावर बर्फ पडू लागला होता.